मूठ महाग झाली, तलवार मोडीत गेली

कोणत्याही वस्तूच्या किमतीत दोन वाटे असतात. एक वाटा मालाचा आणि दुसरा कारागिराच्या हाताचा. सराफ बाजारात बसणाऱ्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको. सोन्याचा भाव चढला की आजीच्या काळातील नक्षीदार दागिना पेटीतून बाहेर निघतो आणि थेट मुशीत जातो. काट्यावर त्याचे वजन होते, नक्षीचे मोल कोणी करीत नाही. जुन्या जरीच्या शालूंचे आणि पैठण्यांचेही असेच झाले. गल्लोगल्ली फिरून जुनी जरी विकत घेणाऱ्यांनी ती वस्त्रे जाळली आणि राखेतून चांदी काढून घेतली. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून केलेले काम एका दुपारी धुरात गेले.

जुन्या शस्त्रांच्या बाजारात आज हीच गोष्ट घडत आहे. ज्या तलवारींना आणि खंजिरांना गेंड्याच्या शिंगाची मूठ आहे, त्यांची मूठ उपटून काढली जाते, तिची पूड होते आणि ती औषध म्हणून विकली जाते. शंभर-दोनशे वर्षे टिकलेले शस्त्र अशा रीतीने काही मिनिटांत निकामी होते. हा व्यवहार कसा सुरू झाला, त्यामागे कोणते हिशेब आहेत आणि आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी त्यापासून काय ध्यानात घ्यावे, याची माहिती या लेखात करून घेऊ.

शिंगाची मूठ कशासाठी?

गेंड्याचे शिंग गाई-म्हशीच्या शिंगासारखे नसते. म्हशीचे शिंग आतून पोकळ असते आणि कवटीच्या हाडावर टोपीसारखे बसलेले असते. गेंड्याच्या शिंगात हाड नसते. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनलेले असतात, त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे बारीक तंतू एकमेकांना घट्ट चिकटून हे भरीव शिंग तयार होते. त्यामुळे ते लाकडासारखे कापता येते, कानशीने घासता येते आणि हवा तो आकार त्याला देता येतो.

हत्यार बनवणाऱ्याला या शिंगाचे तीन गुण आवडत. घामाने हात ओला झाला तरी मूठ निसटत नाही. आघात बसला तरी ती सहजासहजी तडकत नाही. तिसरा गुण सर्वांत मोलाचा. ही मूठ जितकी वापरावी आणि घोटावी तितकी तिला झळाळी येते. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेली मूठ उजेडासमोर धरली तर कडेने मधासारखी पिवळसर दिसते आणि तिच्यातून उजेड आरपार येतो. यमनमध्ये अशा जुन्या, पाणीदार मुठीला ‘सैफानी’ म्हणतात आणि जाणकार ती दुरून ओळखतात.

यमनचा जंबिया हे या मुठींचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ‘जंब’ म्हणजे बाजू, कूस. कमरेच्या पट्ट्यात खोचायचा हा वाकडा खंजीर यमनी पुरुषाच्या पोशाखाचा भाग आहे. त्याच्या म्यानाचा आकार, पट्ट्यावरील जरीकाम आणि मूठ यांवरून माणसाचे घराणे आणि दर्जा ओळखला जातो. जंबियाच्या किमतीत पात्याचा वाटा लहान आणि मुठीचा मोठा असतो. ओमानच्या खंजिरालाही अशी मूठ लावीत असत. हा खंजीर त्या देशाच्या झेंड्यावरही आहे. लाल समुद्रापलीकडे इथिओपियात कोयत्यासारख्या वाकड्या ‘शोटेल’ तलवारीला आणि इतर तलवारींना गेंड्याच्या शिंगाच्या मुठी सर्रास असत. गंमत अशी की, यांतील कित्येक तलवारींची पाती जर्मनीच्या झोलिंगन गावी तयार होत आणि मूठ मात्र स्थानिक कारागीर बसवीत. एकाच हत्यारात दोन खंडांचे हुनर एकत्र आलेले असे.

आपल्या भागाचाही या व्यापाराशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालात हस्तिदंताबरोबर गेंड्याचे शिंग असे आणि मुंबईहून ते चीनकडे रवाना होई. गेंड्याच्या कातड्याची ढाल तर आपल्याकडे प्रसिद्धच होती. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेले हद्रमौतचे अरब हैदराबाद आणि मराठवाड्यात स्थायिक झाले. त्यांना आपण चाऊस म्हणतो. त्यांच्याबरोबर जंबियाही आला आणि तो शब्द मराठीत रुळला. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील काही घरांत असे जुने जंबिये आजही जपून ठेवलेले असतील.

सुबत्ता आली आणि गेंडा संपू लागला

गेंड्याच्या शिंगाची मूठ पूर्वी यमनमध्ये सर्वांना परवडत नसे. सय्यद, काझी आणि मोठे शेख अशा घराण्यांतच ती दिसे. १९६२ मध्ये उत्तर यमनमधील इमामांची राजवट गेली आणि जुनी उतरंड सैल झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात सौदी अरबस्तानात तेलाचा पैसा वाहू लागला. लाखो यमनी मजूर तिकडे कामाला गेले आणि दरमहा घरी रक्कम पाठवू लागले. ज्यांच्या वडिलांनी लाकडी किंवा साध्या शिंगाची मूठ वापरली, त्यांना आता सरदारांसारखी मूठ हवी होती. यात त्यांचे काही वावगे नव्हते. चार पैसे हातात आल्यावर माणूस इज्जतीची वस्तू घेतो, हे सर्वत्र घडते. परंतु मागणी वाढली त्या प्रमाणात गेंडे काही वाढणार नव्हते.

या व्यापाराचा अभ्यास एस्मंड ब्रॅडली मार्टिन आणि त्यांच्या सहकारी ल्यूसी विन्य यांनी वर्षानुवर्षे सनाच्या बाजारात जाऊन केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९७० च्या दशकात उत्तर यमनमध्ये वर्षाला सरासरी तीन टनांच्या आसपास शिंग येत होते. आफ्रिकेतील काळ्या गेंड्याच्या दोन शिंगांचे वजन मिळून साधारण तीन किलो भरते. म्हणजे केवळ मुठींसाठी दर वर्षी सुमारे हजार गेंड्यांचा बळी जात होता. चीन, कोरिया, तैवान येथील औषधांची मागणी त्याशिवाय होती. परिणाम व्हायचा तोच झाला. १९७० मध्ये आफ्रिकेत अंदाजे ६५,००० काळे गेंडे होते. १९९५ पर्यंत ते अडीच हजारांच्याही खाली आले.

येथे एक बाब व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगी आहे. शिंगातून मूठ कोरताना मोठा भाग भुगा आणि तुकडे होऊन खाली पडतो. कारागिराच्या दृष्टीने हा टाकाऊ माल. परंतु सनाच्या दुकानांत तो झाडून जमा केला जाई आणि पूर्व आशियातील औषधांच्या व्यापाऱ्यांना विकला जाई. म्हणजे एकाच शिंगाची दोन गिऱ्हाइके होती. घन भाग यमनी घेत आणि चुरा चिनी. जोपर्यंत मुठीला भुग्यापेक्षा अधिक भाव होता, तोपर्यंत मूठ सुरक्षित होती. ज्या दिवशी हे पारडे फिरले, त्या दिवशी मूठ स्वतःच भुगा होण्याच्या रांगेत जाऊन बसली.

बंदी आली, पण पारडे फिरले

गेंड्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७७ मध्येच ‘साइट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक कराराने बंद केला होता. उत्तर यमन त्या करारात नव्हते. त्यांनी १९८२ मध्ये शिंगाच्या आयातीला बंदी केली. १९८७ च्या सुमारास भुग्याच्या निर्यातीलाही मनाई झाली आणि कारागिरांनी दुसरा माल वापरावा म्हणून म्हशीच्या शिंगाला उत्तेजन देण्याचे ठरले. १९९२ मध्ये देशाच्या मोठ्या मुफ्तींनी गेंड्यांची हत्या अल्लाहच्या मर्जीविरुद्ध असल्याचा फतवा दिला. १९९७ मध्ये यमन साइट्स करारात दाखल झाले. चोरटी आयात त्यानंतरही काही वर्षे जिबूतीमार्गे चालू राहिली, परंतु पूर्वीचा तो महापूर ओसरला. नव्या जंबियाला म्हशीच्या शिंगाची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची मूठ लागू लागली आणि लोकांनी ती स्वीकारली.

चीनने १९९३ मध्ये गेंड्याच्या शिंगाचा व्यापार बंद केला आणि औषधांच्या अधिकृत यादीतून ते वगळले. त्याआधीच्या दशकात तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली होती. ताजे शिंग मिळेनासे झाल्याने जुन्या कोरीव वस्तू फोडून औषधासाठी वापरल्या जात होत्या. चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी गेंड्याच्या शिंगाचे अप्रतिम प्याले कोरीत असत. बादशहांच्या दरबारी शोभणारे हे प्याले खलबत्त्यात पडत होते. जुन्या वस्तूंवर आलेले हे पहिले संकट होय.

दुसरे संकट साधारण २००५ नंतर आले आणि ते फार मोठे निघाले. या वेळी गिऱ्हाईक व्हिएतनाम होते. गेंड्याच्या शिंगाने कॅन्सर बरा होतो, अशी अफवा तेथे पसरली. नव्याने श्रीमंत झालेल्या लोकांत भेट म्हणून शिंग देण्याची आणि मद्यानंतर त्याची पूड पाण्यात घालून पिण्याची टूम निघाली. शिंगाचा भाव भडकला. २०१२ च्या सुमारास किलोला ६०,००० डॉलरच्या वर भाव गेल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. म्हणजे शिंग सोन्यापेक्षा महाग झाले होते. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंड्यांची चोरटी शिकार झाली होती. २०१४ मध्ये हा आकडा १,२१५ झाला.

जंगलात पहारा वाढला तेव्हा चोरांची नजर जुन्या मालाकडे वळली. युरोपातील संग्रहालयांत भिंतीवर टांगलेल्या गेंड्यांच्या मुंडक्यांची शिंगे करवतीने कापून नेण्यात आली. इंग्लंडच्या इप्सविच येथील संग्रहालयात २०११ मध्ये असा प्रकार झाला. २०१३ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या गोदामातून गेंड्यांची चार मुंडकी पळवली गेली. लिलावगृहांतही जुन्या शिंगांचे भाव अचानक चढले. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने जुन्या शिंगांच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्याचे नियम कडक केले आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघानेही तसेच केले. त्यामागचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गिऱ्हाईक कलेचा भाव देत नसून वजनाचा भाव देत आहे, असे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले होते. वस्तूची किंमत तिच्यातील शिंगाच्या वजनाइतकीच येत असेल, तर ती वस्तू कलेसाठी घेतली जात नसून दळण्यासाठी घेतली जात आहे, असे समजायला हरकत नव्हती.

तलवार कशी मरते?

आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका जुन्या इथिओपियन तलवारीची मूठ २०० ग्रॅम वजनाची आहे. अशा तलवारी एके काळी मोठ्या संख्येने बनल्या. त्यामुळे शौकिनांच्या बाजारात साध्या तलवारीला काही शे डॉलर येतात. शिंगाचा चोरटा भाव किलोला ५०,००० डॉलर धरला, तर त्याच मुठीचे १०,००० डॉलर होतात. तलवार घेणारा शौकीन इतकी रक्कम देऊ शकत नाही. दळणारा देऊ शकतो. मग ती तलवार कोणाच्या हाती जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

घेणारा पाते घेऊन काय करणार? विमानातून तलवार नेली तर ती तपासणीत सापडते. मूठ मात्र खिशात मावते आणि तुकडे केले तर ओळखूही येत नाही. म्हणून खिळे काढून किंवा करवतीने कापून मूठ वेगळी केली जाते. पाते एक तर भंगारात जाते, नाही तर त्याला नवी लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ बसवून ते स्वस्तात विकले जाते. जुन्या शस्त्रांचे संग्राहक वर्षानुवर्षे ही तक्रार करीत आले आहेत. जंबियाचे तर यापेक्षा वाईट होते. त्याची सारी किंमतच मुठीत असल्याने मूठ गेल्यावर मागे काहीच उरत नाही.

येथे नुकसान केवळ संग्राहकाचे होत नाही. जुने हत्यार हे कारागिराचे पुस्तक असते. पाते मुठीत किती आत शिरवले आहे, खिळे कोणत्या धातूचे आहेत, पोकळी राळेने भरली की लाखेने, मुठीवरील चांदीचा पत्रा कसा ठोकून बसवला, दोन बाजूंना नाण्यासारख्या चकत्या का लावल्या, हे सर्व पाहूनच पुढचा कारागीर शिकतो. ही माहिती कोणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. ज्या माणसाने ती मूठ घडवली त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. त्याची एकच खूण जगात उरलेली असते आणि ती म्हणजे त्याचे काम. ती मूठ दळली गेली म्हणजे तो कारागीर दुसऱ्यांदा मेला.

या व्यवहारात आणखी एक उलटा प्रकार आहे. अमेरिकेत २०११ पासून वन्यजीव खात्याने गेंड्याच्या शिंगाच्या तस्करीविरुद्ध मोठी मोहीम चालवली. तीत पकडल्या गेलेल्या एका दलालाला २०१४ मध्ये सत्तर महिन्यांची कैद झाली. तो कच्ची शिंगे चोरून चीनला पाठवीत असे. तेथील कारखान्यांत त्यांच्यावर जुन्या धाटणीचे कोरीव काम करून ती प्राचीन वस्तू म्हणून खपवली जात आणि कोरताना निघालेला चुरा औषधाला जाई. एकीकडे खरी जुनी वस्तू दळून तिची पूड होत होती आणि दुसरीकडे नुकत्याच मारलेल्या गेंड्याच्या शिंगाला जुनेपणाचा मुलामा चढत होता. अशा लबाडीमुळेच सरकारे खऱ्या जुन्या वस्तूकडेही संशयाने पाहतात. ज्याच्याकडे आजोबांचा खंजीर आहे आणि कागद एकही नाही, असा प्रामाणिक माणूस यात भरडला जातो.

कायद्याचा पेच

कायदा नसता तर गेंडा केव्हाच संपला असता, याबद्दल शंका नाही. आज काळे गेंडे पुन्हा सहा हजारांच्या वर गेले आहेत आणि आपल्या आसाम व नेपाळातील एकशिंगी गेंडे चार हजारांच्या आसपास आहेत. हे कडक पहाऱ्याचे आणि बंदीचे फळ आहे. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे साठ्यातील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली आणि या मालाला सरकार बाजारभाव मानत नाही, असे दाखवून दिले.

परंतु जुन्या शस्त्राच्या मालकापुढे पेच राहतोच. उघड बाजारात वस्तू विकता येत नाही, म्हणून उघड बाजारात तिला भाव नाही. चोरट्या बाजारात भाव आहे, पण तेथे तिचे तुकडे होतात. परदेशी नेली तर जकात नाक्यावर जप्त होण्याची भीती आहे. या पेचातून बाहेर पडायचा सरळ रस्ता एकच आहे. वस्तू विक्रीची नसून जतन करण्याची आहे, असे मानून चालणे. ज्याला ती सांभाळणे शक्य नाही त्याने कायद्याचा सल्ला घेऊन ती संग्रहालयाकडे सोपवण्याचा विचार करावा. संग्रहालयात ती नाव-गावासह राहील आणि पुढच्या कारागिरालाही पाहता येईल.

औषधाचा दावा किती खरा?

ज्या औषधासाठी हे सारे चालले आहे, त्यात तथ्य किती? गेंड्याचे शिंग म्हणजे केराटिन, हे वर सांगितलेच आहे. १९८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीने केलेल्या तपासणीत त्याचा कसलाही गुण आढळला नाही. १९९० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. फार मोठ्या मात्रेत दिल्यावर ताप थोडा उतरल्याचे त्यांना दिसले, परंतु तसाच परिणाम म्हशीच्या शिंगानेही साधला. कॅन्सरवर त्याचा उपयोग होतो, याला काहीच आधार नाही. चीनमध्ये १९९३ नंतर जुन्या नुसख्यांत गेंड्याच्या जागी म्हशीचे शिंग घालण्यात आले.

म्हणजे मुठीसाठीही म्हशीचे शिंग चालते आणि औषधासाठीही तेच चालते. या एका वाक्यात आपल्या देशातील कारागिरांसाठी बराच अर्थ भरलेला आहे.

आपल्या कारागिरांनी काय घ्यावे?

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. जगात इतक्या म्हशी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. यमनच्या जंबिया बाजारात जे म्हशीचे शिंग पर्याय म्हणून रुळले, ते भारतातून जात असे. उत्तर प्रदेशातील संभल आणि तेथील सराय तरीन हा भाग शिंगाच्या व हाडाच्या कामासाठी नावाजलेला आहे. कंगवे, बटणे, चौकटी, सुऱ्यांच्या मुठी असा माल तेथून परदेशी जातो आणि या धंद्यात आपले कित्येक बंधू पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कच्चे शिंग विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा घडवलेल्या वस्तूचा पैसा केव्हाही अधिक. आणि म्हशीच्या शिंगाचा मोठा गुण असा की, ते स्वस्त आहे. वस्तूच्या किमतीत मालाचा वाटा लहान आणि हाताचा वाटा मोठा राहतो. अशी वस्तू कोणी मोडीत काढीत नाही, कारण मोडून हाती काही लागत नाही.

कोकणातील विजयदुर्ग येथे एके काळी गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू बनत. गवा आता संरक्षित प्राणी आहे आणि तो धंदा तसा करता येत नाही. रानातील प्राण्यावर उभा राहिलेला धंदा एक दिवस बंद होतो, मग तो प्राणी संपल्याने होवो की कायद्याने. गोठ्यातील जनावरावर उभा राहिलेला धंदा टिकतो.

जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली बाब ओळखीची. शिंगाची मूठ दिसली की ती कशाची आहे हे आधी पाहावे. गेंड्याच्या शिंगाच्या कापलेल्या टोकावर भिंगातून पाहिले तर ब्रशच्या केसांची टोके असावीत तसे बारीक ठिपके दिसतात आणि बाजूने सरळ, समांतर रेषा दिसतात. बॅटरीचा उजेड मागून टाकल्यास पातळ कडा पिवळसर उजळते. म्हशीचे शिंग बहुधा काळे असते आणि त्याचे पापुद्रे थरांसारखे दिसतात. प्लॅस्टिकमध्ये ठिपके नसतात आणि कधी साच्याची रेघ सापडते. जाळून किंवा गरम सुई टोचून परीक्षा करू नये. त्याने वस्तू खराब होते. शंका राहिल्यास जाणकाराकडे जावे.

दुसरी बाब कायद्याची. गेंडा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील प्राणी आहे. त्याच्या शिंगाच्या वस्तूची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. वस्तू जुनी आहे म्हणून सूट मिळत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी प्राण्यांबाबत साइट्स कराराचे नियमही याच कायद्यात आले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यामुळे हा गेंडा आफ्रिकेतला आहे, ही सबब चालणार नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. लांब पात्याच्या हत्याराला शस्त्र कायद्याचे नियम वेगळे लागतात. जो दलाल मूठ सोडवून द्या, पाते तुम्हीच ठेवा, असे सांगत येईल, त्याला दारातूनच परत पाठवावे. त्याचा नफा त्याच्या खिशात जाईल आणि गुन्हा आपल्या दुकानावर राहील.

तिसरी बाब घरातील वस्तूची. वडिलोपार्जित जंबिया किंवा तलवार असेल तर तिची मूठ, म्यान आणि पाते वेगळे करू नये. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. ती कोणाकडून आली, कोणी वापरली, कोणत्या वर्षी घरात आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. वारसाहक्काची कागदपत्रे आणि वन खात्याचे पूर्वीचे दाखले असतील तर ते सांभाळावेत, नसतील तर वकिलाचा सल्ला घ्यावा. शिंगाला फार कोरडी हवा आणि कीड या दोन्हींपासून जपावे लागते. म्हणून ते उन्हात ठेवू नये आणि अधूनमधून तपासावे.

चौथी बाब सचोटीची. म्हशीच्या शिंगाची मूठ गेंड्याची म्हणून खपवण्याचा मोह काहींना होतो. त्यात गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच, पण त्याहून मोठा तोटा असा की, गेंड्याच्या शिंगाची हाव बाजारात जिवंत राहते. म्हशीच्या शिंगाची मूठ म्हशीची म्हणूनच विकावी आणि तिच्यावरील कामाचा भाव ठणकावून मागावा.

यमनच्या मुठींसाठी आधी गेंडे मेले. मग त्याच मुठी पूड होण्यासाठी मोडल्या गेल्या. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाने मालाला भाव दिला आणि हाताला दिला नाही. आपला माल असा घडवावा की घेणाऱ्याने काट्याकडे न पाहता कामाकडे पाहावे. काट्यावर ज्याची किंमत ठरते ती वस्तू आज ना उद्या मुशीत, भट्टीत किंवा खलबत्त्यात जाते. कामावर जिची किंमत ठरते, ती नातवंडांच्या घरी पोहोचते.